सायलेन्सर सडतो तो उष्णतेने नाही, पाण्याने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीचा मूळचा सायलेन्सर सहा वर्षांत मागच्या टोकाकडून सडला. घेताना तो स्टेनलेस स्टीलचा असल्याचं सांगितलं होतं, पण त्याला चुंबक चिकटतं. मग फसवणूक झाली का? आणि आता नवीन बसवायचा तर ३०४ (स्टेनलेसचा एक ग्रेड) चा घ्यावा, अ‍ॅल्युमिनाइज्ड (अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या लोखंडाचा) घ्यावा की मित्र म्हणतात तसा टायटॅनियमचा?

मी गेली पंचवीसेक वर्षं एक्झॉस्ट बनवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि त्याला एका शब्दात दिलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकतं.

आधी चुंबकाचं बघू. चुंबक चिकटलं म्हणजे ते स्टेनलेस नाही, ही समजूत भांड्यांवरून आली आहे. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, घट्ट थर धरतं आणि तोच थर आतल्या लोखंडाला वाचवतो. या मिश्रणात ८ टक्क्यांच्या आसपास निकेल घातलं की धातूची अंतर्गत रचना बदलते आणि चुंबक चिकटेनासं होतं. ते झालं ३०४. निकेल नसलेल्या स्टेनलेसला मात्र चुंबक साध्या लोखंडासारखंच चिकटतं. गाड्यांच्या मूळ एक्झॉस्टमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ४०९ याच जातीचं आहे. त्यात साधारण ११ टक्के क्रोमियम, किंचित टायटॅनियम आणि निकेल जवळजवळ नाहीच. तेव्हा तुमचा सायलेन्सर ४०९ चा असण्याची शक्यता भरपूर आहे आणि तसं असेल तर सांगणाऱ्याने खोटं सांगितलेलं नाही. ११ टक्के क्रोमियम म्हणजे स्टेनलेसचा जेमतेम उंबरठा, एवढंच त्याने सांगितलं नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. अ‍ॅल्युमिनाइज्ड पत्रा आतून साधं लोखंडच असतो, त्यामुळे त्यालाही चुंबक चिकटतं. ३०४ चा पाइप वाकवला की वाकाच्या जागी रचना थोडी बदलते आणि तिथे चुंबक हलकंसं ओढ घेतं. म्हणून मी नुसत्या चुंबकावर निकाल देत नाही. लपलेल्या जागी कानशीचे दोन हात मारून बघतो. वर चंदेरी मऊ थर निघाला आणि खाली करडं लोखंड दिसलं, तर तो अ‍ॅल्युमिनाइज्ड. मग ग्राइंडर हलकासा टेकवतो. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब उडतात, पिवळ्याधमक असतात आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. स्टेनलेसच्या आखूड, नारिंगी आणि कमी फुटणाऱ्या. दोन-चार तुकड्यांवर हात बसला की फरक लगेच कळायला लागतो.

आता सडण्याकडे वळू. एक्झॉस्ट गरम असतो म्हणून तो उष्णतेने जातो असं लोकांना वाटतं. इंजिनाजवळच्या भागाबाबत ते खरंही आहे. पण मागचा डबा, म्हणजे ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो तो, पाण्याने जातो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन घेतो आणि वाफ होऊन बाहेर पडतो. धूर गरम असेपर्यंत ती वाफच राहते. पण पाइपाची भिंत ५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असली की त्याच वाफेचं तिच्यावर दव धरतं. सकाळी गाडी सुरू केली की टोकातून ठिबकतं ते हेच पाणी.

हे पाणी शुद्ध नसतं. इंधनातल्या गंधकापासून आणि जळताना तयार होणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून त्यात आम्लं उतरतात. हवेतून आणि रस्त्यावरून क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार, येतात. गाडी लांब पल्ल्याला धावली तर डबा तापतो, पाणी उडून जातं आणि फारसं बिघडत नाही. पण पाच-दहा मिनिटं चालवून गाडी उभी केली की पाणी तळाशी साठतं. पुढच्या वेळी त्यातलं थोडं उडतं, आम्ल आणि क्षार मात्र मागेच राहतात. त्यावर नवं पाणी येतं. असं महिनोन्‌महिने चाललं की तळाचं पाणी दिवसेंदिवस तिखट होत जातं. हायब्रिड गाड्यांमध्ये तर इंजिन मधूनमधून बंद पडतं आणि मागचा डबा पुरता तापतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या डब्यांत आतून सडलेले असेच जास्त असतात, मग गाडी कितीही नवी असो.

एकदा मुद्दाम एक जुना डबा उभा कापला होता. बाहेरून त्याच्यावर फक्त तपकिरी छटा होती. आत तळापासून तीन बोटं उंचीवर एक सरळ रेघ होती, हौदाच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटते तशी. रेघेच्या वरचा पत्रा चकचकीत नसला तरी धड होता. खाली मात्र सगळीकडे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते. पत्रा जिथे दुमडून शिवण मारलेली असते तिथे खवल्यांचा लगदा झाला होता, नखानेसुद्धा निघत होता. धातू एकच, डबा एकच, वय एकच. फरक होता तो फक्त पाणी कुठवर उभं राहायचं याचा.

म्हणून मागच्या डब्यासाठी धातू निवडताना तापमान किती सोसतो हे विचारू नका, आम्लाचं पाणी किती सोसतो हे विचारा. इथे उपयोग क्रोमियमचा, आणि त्याच्या सोबतीला मॉलिब्डेनमचा. ४०९ मध्ये ११ टक्के क्रोमियम आहे, ४३९ मध्ये १७ ते १९. ४३६ मध्ये १७ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि जोडीला सुमारे १ टक्का मॉलिब्डेनम असतं. क्लोराइडमुळे पडणारे खड्डे मॉलिब्डेनम रोखून धरतं. हे तिन्ही चुंबकाला चिकटतात, त्यामुळे दुकानात बघून कळत नाहीत. ग्रेड लेखी मागून घ्यावा लागतो.

४०९ वर बाहेरून येणारा तपकिरी रंग बघून घाबरू नका. तो वरवरचा असतो, त्या धातूचा स्वभावच आहे. वर्षानुवर्षं तो तसाच राहतो. काळजी करायची ती फुगवटा दिसला तर, किंवा पेचकसाची मूठ टेकवली की बद्द आवाज आला तर.

अ‍ॅल्युमिनाइज्ड पत्र्याला लोक नावं ठेवतात ते मला पटत नाही. लोखंडी पत्रा वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये बुडवून काढतात. त्या अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं सिलिकॉन असतं, त्यामुळे थर पातळ आणि चिवट बसतो. साधारण ६७५ अंशांपर्यंत हा थर लोखंडाला जळू देत नाही. मधल्या पाइपासाठी, लांब पल्ल्याच्या गाडीसाठी, हा माल प्रामाणिकपणे चालतो. त्याची दुखरी जागा म्हणजे जोड. वेल्डिंग केलं की जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर जळून जातो आणि तिथे उघडं लोखंड राहतं. सडलेला अ‍ॅल्युमिनाइज्ड पाइप बघा, दहांपैकी आठ वेळा भोक जोडाला लागून असतं. जोड झाल्यावर तारेच्या ब्रशने साफ करून उष्णता सोसणारा अ‍ॅल्युमिनियमचा रंग मारला, तर बराच काळ निभावतं. बाहेरून निभावतं, आतून नाही.

जस्ताचा थर दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र एक्झॉस्टला कधीही लावू नका. जस्त ४२० अंशांना वितळतं. शिवाय त्यावर वेल्डिंग केलं की निघणाऱ्या पांढऱ्या धुराने कारागिराला थंडी वाजून ताप भरतो. कोणी स्वस्तात करून देतो म्हणालं, तर त्याच्या जिवासाठी तरी नाही म्हणा.

आता पुढच्या टोकाकडे, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या मॅनिफोल्डकडे. इथे पाण्याचा प्रश्न नाही, इथे खरोखर आग आहे. पेट्रोल इंजिनात वायू ८०० ते ९५० अंशांपर्यंत जातो, टर्बो लावलेल्या काही इंजिनांत त्याहून वर. डिझेलमध्ये तो त्याहून बराच कमी असतो. जुन्या गाड्यांना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मॅनिफोल्ड असायचा. बीड ओतायला सोपं, आवाज दाबणारं आणि जाड. पण साधं बीड वारंवार लाल झालं की फुगतं. त्यातलं कार्बाइड (लोखंड आणि कार्बनचं संयुग) फुटून ग्राफाइट होतं, त्याला जागा जास्त लागते, आणि ग्राफाइटच्या पापुद्र्यांमधून ऑक्सिजन आत शिरून लोखंड पोखरतो. म्हणून नंतर सुमारे ४ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम घातलेलं, गोलाकार ग्राफाइटचं बीड आलं. ते ८००-८५० अंशांपर्यंत टिकून राहतं. त्याच्यावर ३५ टक्क्यांच्या आसपास निकेल घातलेलं बीड असतं, टर्बोच्या गरम बाजूच्या घरासाठी. आणि १,००० अंशांच्या घरात ओतीव स्टेनलेसशिवाय इलाज नसतो.

मॅनिफोल्डला तडा का जातो, हे एकदा कळलं की धातूच्या निवडीचं अर्धं शास्त्र कळतं. तापलेला मॅनिफोल्ड लांब व्हायला बघतो. इंजिनाचं हेड त्या मानाने थंड असतं आणि बोल्टांनी त्याला धरून ठेवतं. पसरायला जागा नाही, त्यामुळे लाल मऊ धातू स्वतःतच दाबला जातो आणि तसाच बसतो. थंड होताना तो आकसतो, आणि आता मुळापेक्षा आखूड झालेला असतो. असं हजारो वेळा घडतं. जुना बिडाचा मॅनिफोल्ड काढून परत बसवायला गेलात तर टोकाची भोकं जुळत नाहीत, दोन-दोन मिलिमीटर आत सरकलेली असतात. टोकाचे स्टड आधी तुटतात तेही याच कारणाने. म्हणून टोकाची भोकं लांबट ठेवतात आणि बोल्ट मर्यादेतच आवळतात. गळतंय म्हणून जोर लावून आवळलेला बोल्ट मॅनिफोल्डचं आयुष्य कमी करतो.

इथेच ३०४ ची गोष्ट येते, आणि त्यात मी स्वतः चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टर्बो गाडीसाठी मी ३०४ च्या पाइपांचा मॅनिफोल्ड बनवला. दिसायला देखणा, जोड एकसारखे, घडीदार. चार महिन्यांत फ्लँजजवळच्या (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या जाड पट्टीजवळच्या) जोडाला तडा घेऊन परत आला. वेल्ड भरला, पुन्हा गेला, या वेळी शेजारच्या जोडाला. दोष वेल्डिंगचा नव्हता, माझ्या हिशेबाचा होता. एक मीटर लांबीचा ३०४ चा पाइप ५०० अंशांनी तापला की सुमारे ९ मिलिमीटर वाढतो, तेवढाच ४०९ चा पाइप सुमारे ६ मिलिमीटर. चार पाइप, चारही वेगवेगळ्या तापमानाचे, एका टोकाला जाड फ्लँजला जखडलेले आणि दुसऱ्या टोकाला टर्बोचं वजन लटकलेलं. मी धातू चांगला घेतला आणि त्याला हलायला जागाच ठेवली नाही. पुढच्या वेळी सरकते जोड दिले, टर्बोला स्वतंत्र आधार दिला आणि पाइप ३२१ चे घेतले. तो मॅनिफोल्ड टिकला.

३२१ का, तेही सांगतो. ३०४ ला ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ ठेवलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून धातूच्या कणांच्या सीमांवर जमतो. मग सीमेलगत क्रोमियम कमी पडतं आणि तिथे आम्लाचं पाणी लागलं की गंज सीमा पकडून आत शिरतो. पाइप वरून धड दिसतो आणि जोडाशेजारी बिस्किटासारखा तुटतो. कमी कार्बनचं ३०४एल घेतलं तर हे लांबतं. ३२१ मध्ये टायटॅनियम घातलेलं असतं, ते कार्बनला स्वतःकडे ओढून घेतं आणि क्रोमियम मोकळं राहतं. एक्झॉस्टचा पुढचा भाग रोज तासन्‌तास याच पट्ट्यात काढतो, म्हणून तिथे हा फरक कागदावरचा उरत नाही. ४०९ आणि ४३९ मध्ये टायटॅनियम असतं तेही याच कामासाठी, आणि ४४१ मध्ये त्याच्या जोडीला नायोबियम.

३०४ बद्दल आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. धातूच्या तक्त्यांमध्ये हवेत तापवण्याच्या दोन मर्यादा दिलेल्या असतात: सतत तापलेला ठेवायचा असेल तर किती, आणि तापवून-थंड करून वापरायचा असेल तर किती. ४०९ साठी हे आकडे साधारण ७०५ आणि ८१५ अंश आहेत. ३०४ साठी ९२५ आणि ८७०. म्हणजे ४०९ ला मधूनमधून थंड होणं मानवतं, ३०४ ला ते जाचतं. कारण पुन्हा तेच, पसरणं. ३०४ वर धरलेला ऑक्साइडचा थर धातूएवढा आकसत नाही, म्हणून थंड होताना त्याच्या खपल्या उडतात आणि खालचा कोरा धातू परत जळायला मोकळा होतो. गाडीचा एक्झॉस्ट तर रोज तापतो आणि रोज थंड होतो. गाड्या बनवणाऱ्यांनी निकेल नसलेलं स्टील निवडलं ते निव्वळ खर्च वाचवायला नव्हे, त्यामागे हेही गणित आहे. ४४१ सारखं १८ टक्के क्रोमियमचं, चुंबकाला चिकटणारं स्टील आज अनेक गाड्यांच्या गरम भागात दिसतं.

मधल्या भागाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तुम्हाला निवड करायची नसते. इंजिनाच्या थरथरीसाठी लावलेली लवचीक नळी, जिला आम्ही बेलो म्हणतो, ती पातळ पदरांची ३२१ किंवा ३१६टीआय ची असते. जिथे क्षार आणि उष्णता दोन्ही जास्त, तिथे निकेलच्या मिश्रधातूची. ती गेली की बदला, तिच्यावर वेल्डिंग करू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यात, खरं काम मोजक्या काही ग्रॅम प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचं असतं. ते सिरॅमिकच्या जाळीवर असतात किंवा लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या केसासारख्या पातळ पत्र्यावर. हा पत्रा तापला की अ‍ॅल्युमिनियम वर येऊन स्वतःच अ‍ॅल्युमिनाचं कवच तयार करतं, त्यामुळे एवढा पातळ असूनही जळत नाही. मला या सगळ्या साखळीतला सर्वांत सुंदर धातू तोच वाटतो. पेट्रोलमधलं शिसं या मौल्यवान धातूंना निकामी करायचं. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर आले आणि त्यांच्यासोबत शिसं नसलेलं पेट्रोल आलं ते म्हणूनच.

टायटॅनियमचं आकर्षण मला कळतं. त्याची घनता ४.५, स्टीलची ७.९ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच मापाचा डबा जवळजवळ निम्म्या वजनाचा. मोठ्या उत्पादनाच्या गाडीत ते २००१ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ मध्ये आलं, आणि आलं ते मागच्या बाजूला. ही जागा महत्त्वाची आहे. आम्लाचं पाणी टायटॅनियमला फारसं लागत नाही, पण ६०० अंशांच्या वर ते ऑक्सिजन शोषून ठिसूळ व्हायला लागतं. पुढच्या भागासाठी ते नाही. वेल्डिंग करताना जोडाच्या आत-बाहेर दोन्हीकडे आर्गॉन वायू भरावा लागतो, म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागत नाही. जोड रुपेरी किंवा फिका सोनेरी राहिला तर ठीक, निळा झाला तर शंका घ्या, पांढरी भुकटी दिसली तर कापून टाका. फॉर्म्युला वन मध्ये पुढच्या भागाला इन्कोनेल वापरतात. ते निकेलचं मिश्रण लाल होऊनही ताकद सोडत नाही, म्हणून पाइप पातळ ठेवता येतो. रोजच्या गाडीत त्याचा उपयोग नाही.

आता तुमच्या गाडीसाठी. तुम्ही लिहिलं आहे की रोजचं अंतर चार-पाच किलोमीटर आणि मधला पाइप अजून ठणठणीत आहे. मग फक्त मागचा डबा बदला. ४३९ किंवा ४३६ चा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर ३०४ चाही चालेल, कारण त्या जागी तापमान कमी असतं आणि वर लिहिलेले पसरण्याचे दोष तिथे फारसे जाचत नाहीत. तुमच्या वापराला अ‍ॅल्युमिनाइज्ड घेऊ नका, तो आतून लवकर जाईल. टायटॅनियमचे पैसे घालवू नका.

जुन्या पाइपाला नवा डबा वेल्ड करायचा असेल तर दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. तार कुठली वापरणार? ३०४ ला ३०८एल, आणि ३०४ ला साधं लोखंड किंवा ४०९ जोडायचं असेल तर ३०९एल. दुसरं, टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉनच्या आडोशात केलेलं) असेल तर पाइपाच्या आतून आर्गॉन सोडणार का? न सोडता केलेल्या जोडाच्या आत काळी, खरखरीत, जळक्या साखरेसारखी कड धरते. तिथलं क्रोमियम जळून गेलेलं असतं आणि बरोबर तिथूनच गंज सुरू होतो. जोडाशेजारचे निळे-जांभळे पट्टे सुंदर दिसतात, पण त्यांच्याखालीही क्रोमियम कमी झालेलं असतं. ज्या जागी पाणी लागणार तिथले ते घासून काढायला सांगा, आणि लोखंडावर वापरलेला ब्रश त्याला लावू देऊ नका.

बोल्टने जोडणार असाल तर नट तांब्याचा मुलामा दिलेले घ्या आणि आट्यांना निकेलची पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या वेळी गॅस कटर आणावा लागणार नाही. पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नका. ती ओल धरून ठेवते.

आणि नवीन डबा बसवण्याआधी उलटा करून बघा. बहुतेक डब्यांच्या तळाला सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक असतं, दोन-तीन मिलिमीटरचं. तिथून पाणी ठिबकलं, थोडा धूर आला, की लोक ते गळती समजून बुजवून घेतात. ते बुजवू नका, आणि चिखलाने बंद झालं तर तारेने मोकळं करा. महिन्यातून दोनदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग मोठ्या रस्त्यावर चालवा, डबा हात लावता येणार नाही इतका तापला पाहिजे. त्याने आतलं पाणी उडून जाईल.